मास्टर धडाम आणि घरचा म्हैसासुर

आमच्या मुरबाडच्या मोटरस्टँडवर एक माणूस दर खेपेला मोटरीतून उतरताना पडत असे, आणि त्याला उचलायला कोणीही जात नसे. उलट तो मुंबईहून यायचा असला म्हणजे कल्याणच्या मोटरीच्या वेळेला पानवाला, शिंपी आणि समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं हातातलं काम टाकून स्टँडवर येऊन उभी राहत. मोटर थांबे. आधी बायका उतरत, मग गठुडी आणि कोंबड्या, आणि सगळ्यांत शेवटी दारात गोमा दिसे. अंगात सिल्कचा सदरा, खाली धोतर, हातात पत्र्याची ट्रंक. तो एक पाय पायरीवर ठेवी, दुसरा हवेत टाकी, आपल्याला नेमकं काय झालंय हे आठवत असल्यासारखा क्षणभर थांबे, आणि मग सरळ उताणा धुळीत. ट्रंक मात्र पोटावर सुखरूप.

स्टँडभर हशा. मग गोमा उठे आणि पाठीची धूळ झटकायला एक हात मागं वळवी. तो पोचत नसे, म्हणून त्या हाताच्या मागं तो स्वतःभोवती गोल गोल फिरू लागे. पुन्हा हशा. एखादा नवखा उतारू कळवळून पुढं झालाच, तर गोमा त्याला गंभीरपणे सांगे, "हात नको. आपलं आपण."

मी त्या स्टँडवर सर्व्हिस मोटरचा एजंट होतो. उतारू, सामान आणि वेळा जागच्या जागी ठेवणं हे माझं काम, आणि स्वभावही तसाच. गोमाचा मात्र मेळ लागत नसे. तो हिंदी सिनेमात कॉमिक कामं करी. जाहिरातीच्या कागदावर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'मास्टर धडाम' असं छापलेलं असे, तो हा. पण स्टँडवरचं ते पडणं सोडलं तर त्याच्याइतका रुक्ष माणूस आमच्या मुरबाडात दुसरा नव्हता. हॉटेलात मंडळी त्याला घेरत, "गोमाशेट, कायतरी गमतीचं बोला ना!" तो चहाची बशी खाली ठेवी आणि म्हणे, "बोलायचं काम मला देत नाय. पडू का?"

त्याचं गाव शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी. तिथं जायचं तर आगगाडीनं आसनगाव आणि तिथून शहापूर हा सरळ रस्ता. गोमा मात्र कल्याणला उतरे, आमच्या मोटरीनं मुरबाडला येई आणि मुरबाडहून मिळेल त्या बैलगाडीनं, नाही मिळाली तर पायी, असा आडवा जाई. मला हे पटत नसे. एकदा मी त्याला विचारलंच, "अरे, आसनगावला का उतरत नाहीस? अर्धा दिवस वाचेल."

"आसनगावचा फलाट दगडी हाय, अण्णा. पडायच्या कामाचा नाय."

जमीन हा त्याचा खरा विषय होता. कुठंही गेला की आधी तो टाच आपटी आणि कान देऊन ऐके. आमचा स्टँड उन्हाळ्यात 'फस्क्लास' आणि पावसात 'पोटावर पडायला बरा'. कल्याणचा फलाट म्हणजे 'हाडांचा दुश्मन'. टोकावड्याकडचा मुरूम 'कोपरं सोलतो'. भाताच्या खाचराबद्दल मात्र तो देवळाबद्दल बोलावं तसा बोले. "तिथं पडलं ना अण्णा, तर उठूच नये."

आमच्या वैद्यांनी नवं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळे सागवानाकडे मान वर करून पाहत होते. गोमा खाली पाहत होता. त्यानं नव्या शहाबादी फरशीवर टाच आपटली, मान हलवली. वैद्य कौतुकाच्या आशेनं जवळ आले.

"कशी काय वाटली फरशी?"

"दिसाया झकास. पन वैद्यबुवा, या वयात तुमी जपून चाला."

वैद्यांना ते आवडलं नाही. पुढच्या पावसात ते त्याच फरशीवर घसरले आणि बरेच दिवस पाटावर बसून लोकांच्या नाड्या पाहत होते. ही बातमी मी गोमाला मोटरीतून उतरल्या उतरल्या दिली. त्यानं एवढंच विचारलं, "कुठल्या अंगावर?"

सिनेमातले दोन-चार शब्द त्यानं बरोबर आणले होते आणि ते तो सगळीकडे वापरी. चहा पाणचट झाला की "रिटेक." हॉटेलवाला निमूट दुसरा कप आणी. आमच्या शिंप्याची आई गेली तेव्हा सगळे दारात बसून आत्मा, देह, असं बरंच काही बोलत होते. गोमा आला, शिंप्यासमोर उभा राहिला, म्हणाला, "याला रिटेक नाय," आणि खाली बसला. बाकीचं मला आता आठवत नाही. शिंप्यालाही आठवत नाही. हे वाक्य मात्र त्याला आठवतं.

तो सिनेमात कसा गेला, हे त्यानं मला स्टँडच्या बाकावर बसून सांगितलं. मोटर पंक्चर होती, त्यामुळे वेळ होता.

मुंबईला गेला तो नट व्हायला नव्हे. एका फिल्म कंपनीत सुतारांच्या हाताखाली फळ्या वाहायचं काम त्याला मिळालं होतं. एकदा राजाच्या दरबाराची तयारी चालू असताना हा शिडीवरून फळीसकट खाली आला. डायरेक्टर हसला. सिंहासनावरचा राजा हसला. राजाच्या डोक्यावर चवरी ढाळणारे हसले. डायरेक्टर म्हणाला, "फिर से गिरो!"

"आता अण्णा, मी पडलो तो पाय सरकला म्हणून. पुन्ना पाय कसा सरकवायचा? दोनदा पडून दाखवलं. कोण हसंना. डायरेक्टरनं तोंड फिरवलंन. मंग मला बाबा आठवला."

इथं बोहाड्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. होळी झाली की आमच्या डोंगरपट्ट्यातल्या काही गावांत बोहाडा होतो. लाकडी मुखवटे बांधून गावातली माणसं देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचवतात. कुठलं सोंग कुठल्या घरचं, हे ठरलेलं. गणपती एका घरचा, नरसिंह दुसऱ्या घरचा. बापाकडून ते मुलाकडे जातं आणि दुसऱ्या घरच्या माणसानं त्या मुखवट्याला हात लावायचा नसतो. गोमाच्या घरी म्हैसासुर होता. शेवटच्या दिवशी उजाडताना देवी त्याला मारते, तो पडतो, आणि बोहाडा पुरा होतो. बाकीची सगळी सोंगं कितीही चांगली नाचली आणि म्हैसासुर पडला नाही, तर बोहाडा अपुरा.

गोमाचे वडील राघोबाबा. त्यांचं पडणं पाहायला शेजारच्या गावांतून लोक येत. आधी एक गुडघा जाई. मग ते थांबत. आपल्याला काय झालंय, हे त्या राक्षसाला कळतच नाही असे थांबत. मग एक गिरकी, आणि दोन्ही हात पसरून ते उताणे पडत. त्या क्षणी सांबळ वाजायचं बंद होई. राक्षस असला तरी बायका पदर डोळ्यांना लावत.

"तेच केलं मी," गोमा म्हणाला. "निसतं जोरात केलं. आनि हातात जिलब्यांचं ताट घेतलं. वरचा लाइटवाला हसता हसता खाली यायचा ऱ्हायला."

"आणि ते पाठ झटकायचं? ते कुणी शिकवलं?"

"ते आपलं आपण," असं म्हणून तो टाचेनं जमीन तपासू लागला.

त्यानंतर गोमा पडतच राहिला. राजवाड्यात पडला, विहिरीत पडला, नवरदेवाच्या घोड्यावरून पडला. एका चित्रात तर तो स्वर्गातून पडला होता. प्रत्येक पडणं मुळात तेच. गुडघा, थांबणं, गिरकी, उताणा. फक्त हातात कधी जिलब्या असत, कधी कोंबडी, कधी नवरीची आजी.

त्याचं वडिलांशी बिनसलं ते मी स्वतः पाहिलं आहे. म्हसा गावच्या जत्रेला आम्ही जादा मोटरी सोडत असू आणि मी तिथं मुक्कामाला असे. जत्रा मूळची बैलांची, पण त्या सालापासून तंबूतला सिनेमाही येऊ लागला होता. गोमा त्या साली जत्रा बघून गावी जायचं म्हणून आमच्या मोटरीनं आला होता. स्वतःचं चित्र लागलंय म्हटल्यावर तो मला घेऊन तंबूत आला आणि दोराजवळ उभा राहिला. तो पडद्याकडे कधी बघत नसे. लोकांकडे बघे. कुठं हसले, कुठं हसले नाहीत, हे त्याला त्यावरून कळे.

लोक हसत होते. आचारी झालेला गोमा ताट घेऊन आला, एक गुडघा गेला, थांबला, गिरकी, धडाम. तंबूचे खांब हलले. आणि माझ्या शेजारचा खरा गोमा एकदम आखडला.

"बाबा हाय," तो म्हणाला.

पुढं, अगदी पडद्याखाली, घोंगडी पांघरून एक म्हातारा जमिनीवर बसला होता. राघोबाबा बैल घ्यायला आले होते. तुमचा पोरगा पडद्यावर आहे, असं सांगून गाववाल्यांनी कौतुकानं त्यांना आत आणून बसवलं होतं. सगळा तंबू डोलत होता आणि ती एक घोंगडी तेवढी हलत नव्हती. मग ती उठली आणि बाहेर गेली. गोमा मागून धावला, मीही गेलो.

बाहेर बैलांच्या दावणीपाशी राघोबाबा उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"गोम्या, तो आपला म्हैसासुर होता ना रे?"

गोमाची टाच जमीन उकरू लागली.

"माझ्या बापानं मला दिलान. मी तुला दिला. तू लोकांना हसायला दिलास." मग घोंगडी खांद्यावर ओढून, "आता आपल्या दारात तू पडायचं नाय."

बैल न घेता ते चालू लागले. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं थांबलं. गोमा गावी जाई, ओटीवर जेवे, आईला भेटे, परत येई. आई होती तोवर असं चाललं. ती गेल्यावर घरात एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं उरली. आसनगावच्या दगडी फलाटाचं खरं कारणही मला त्याच सुमारास कळलं. राघोबाबा दर बाजाराला शहापुरात असत, आणि आसनगावला उतरून शहापूरवरून गेलं की रस्त्यात बाप भेटे आणि तोंड फिरवून पुढं जाई. मुरबाडच्या रस्त्यावर तो भेटत नसे. आमच्या स्टँडवर मुंबई संपायची आणि गावची वाट सुरू व्हायची, म्हणून गोमा शेवटचं पडून घेई ते तिथं.

सिनेमाचं पुढं काय झालं, ते थोडक्यात सांगतो. बोलपट जुने होत गेले तशी लोकांना पडणाऱ्यांपेक्षा बोलणाऱ्यांची गोडी लागली. गोमालाही एक वाक्य मिळालं होतं, "महाराज, खाना तैयार नहीं है." आमचा गोमा म्हणाला, "तैयार नाय है." दुपारपर्यंत रिटेक झाले. महाराजांना खरोखरच भूक लागली. शेवटी ते वाक्य दुसऱ्याला दिलं आणि गोमाला सांगितलं, याचं बोलून झालं की तू पड. मग लढाई आली, कच्ची फिल्म मिळेना, चित्रं कमी झाली. आणि पाठीनंही हिशेब मागायला सुरुवात केली. "थंडी पडली की पाठ सांगते, अण्णा, कुठलं दुखणं कुठल्या पिक्चरचं."

एके दिवशी, पेट्रोल मिळेना म्हणून मागं कोळशाची भट्टी लावलेली, धूर ओकणारी आमची मोटर आली आणि गोमा ट्रंकेबरोबर गादीही घेऊन उतरला. म्हणजे पडला. त्या दिवशी तो जरा सावकाश पडला. लोक हसले. मला तेवढं हसू आलं नाही, कारण गादीची नोंद सामानात करायची होती आणि ती आता परत मुंबईला जायची नव्हती.

तोवर राघोबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आदल्या बोहाड्यात त्यांना मुखवटा बांधता आला नाही. म्हैसासुर खुंटीवर टांगलेलाच राहिला. देवी आली, रिकाम्या जागेभोवती नाचली आणि देवळात परत गेली. गावाला ते फार लागलं. यंदा काहीतरी ठरवायला हवं होतं आणि घरात गोमाशिवाय दुसरा पुरुष नव्हता.

गोमा माझ्याकडे आला. "अण्णा, गावात बैठक हाय. तुमी चला. मी बोललो तर लोक हसतात."

मी गेलो. देवळापुढं सगळं गाव बसलं होतं. राघोबाबा एका दगडावर काठीवर हनुवटी टेकून. गोमा उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. तेवढ्यावर मागं कुणीतरी फिसकलं.

"हे बघ," पाटील म्हणाले, "गोमा, तुझ्यावर कोनाचा राग नाय. पन तू निसती टोपी काढलीस तर हे असं. मलाच बघ," आणि खरोखरच पाटलांनी उपरणं तोंडाला लावलं. "देवीसमोर राक्षस पडला नि लोक हसले, तर तिनं मारलान कोनाला?"

मी उठून माझे मुद्दे मांडले. पहिला, सोंग घरचं आहे, आणि घरात हाच आहे. दुसरा, मुखवट्याआड तोंड दिसत नाही.

"तोंड झाकंल," पाटील म्हणाले. "चाल कशी झाकनार, अण्णा?"

बराच वेळ घोळ चालला. शेवटी असं ठरलं की गोमानं यंदा मुखवटा बांधावा. पण पडताना हशा झाला, तर म्हैसासुर देवळात जमा. राघोबाबांच्या घराचा त्यावरचा हक्क कायमचा संपला. पाटलांनी म्हाताऱ्याला विचारलं, "बोल राघोबाबा, तुला चालंल?"

राघोबाबा पाटलांच्या दिशेनं म्हणाले, "बांधू दे. मला काय दिसायचं हाय?"

गोमाकडे त्यांनी मान वळवली नाही.

झालं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना हसवायचा धंदा केला, त्याला आता न हसवता पडायचं होतं. गोमा माझ्याकडे मुरबाडला येऊन राहिला आणि आमच्या मालाच्या गुदामामागं आम्ही तालीम सुरू केली. पाहायला मी आणि आमचा ड्रायव्हर उस्मान. उस्मान हसण्याच्या बाबतीत अत्यंत हलका माणूस, म्हणून परीक्षेला योग्य.

मी त्या पडण्याचे भाग पाडले. गुडघा, थांबणं, गिरकी, हात, उताणं. एकेक भाग बदलून पाहायचा आणि उस्मान कुठं हसतो ते टिपायचं. गुडघा सावकाश घेतला, उस्मान हसला. गिरकी काढली, हसला. हात आखडले, जास्तच हसला. डोक्यावर पोतं घालून पाहिलं तर उस्मान पहिल्या पावलालाच खाली बसला. "गोमाभाई, खुदा की कसम, तुम खडे रहते हो तो भी गिरनेवाले लगते हो!"

चौथ्या की पाचव्या दिवशी गोमा वैतागला. पडला तो पडूनच राहिला. उठेचना. उस्मान नेहमीसारखा हसत होता. हसता हसता थांबला. थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मग घाबरून पुढं झाला, "गोमाभाई? लगी क्या?"

गोमानं पडल्या पडल्या डोळे उघडले.

"सापडलं, अण्णा," तो म्हणाला. "मी उठतो म्हनून हसतात."

मग त्यानं सांगितलं की म्हैसासुर मुळात आपला आपण उठतच नाही. तो मेलेला असतो. त्याच्याआधी ज्यानं तो मुखवटा बांधला असेल त्यानं पुढं होऊन हात द्यायचा आणि त्याला उठवायचं, अशी रीत. राघोबाबांना त्यांच्या वडिलांनी उठवलं होतं. देणारं कोणी उरलं नसेल, तर देवीचा भगत तांब्यातलं पाणी शिंपडतो आणि सोंग उठतं.

"मग तुला कोण उठवणार?"

"भगत," गोमा म्हणाला. "त्याला सांगून ठेवलंय, पाठ दुखते, पानी जरा लवकर मार."

गोमा आधीच गावी गेला होता. मी आणि उस्मान पोचलो तेव्हा बोहाडा संपत आला होता. पूर्वेकडे डोंगराची कड दिसू लागली होती, टेंभे फिके पडले होते आणि माणसं दाटीवाटीनं बसली होती. मुरबाडहूनही बरीच मंडळी आली होती, पानवाला, शिंपी, सगळे. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटत होती. या लोकांना गोमाकडे पाहून हसायची वर्षानुवर्षांची सवय होती. पाटलांनी खबरदारी म्हणून उपरण्याचा बोळा आधीच तोंडावर धरला होता. उस्मानला मी गर्दीच्या पार मागं बसवलं होतं.

देवी आली. सांबळ चढलं. मग म्हैसासुर आला. शिंगांचा तो पांगाऱ्याचा मुखवटा एवढा मोठा होता की खाली गोमा आहे की आणखी कोणी, कळायला मार्ग नव्हता. पण त्यानं दोन पावलं टाकली आणि माझ्या शेजारचा पानवाला "हा बघ!" म्हणून खुदकला. त्याच्यापाठोपाठ आणखी एकदोघं. मी पानवाल्याचं मनगट धरलं. देवीनं तीन फेरे घेतले, त्रिशूळ उगारला. म्हैसासुराचा एक गुडघा गेला.

तो थांबला.

हे थांबणं मी स्टँडवर दर खेपेला पाहत होतो, पण तिथं ते क्षणभराचं असे. आज तो थांबूनच राहिला. आपल्याला काय झालंय, हे त्या जनावराला कळेना. शिंगं सावकाश एका बाजूला वळली, जिथं दगडावर काठीवर हनुवटी टेकून म्हातारा बसला होता तिकडे. मग गिरकी. मग हात पसरून तो पाठीवर पडला, आणि सांबळ थांबलं.

कोणी हसलं नाही. गोमा हलला नाही. पाटलांनी तोंडावरचा बोळा हळूच काढला. पानवाला मान खाली घालून बसला होता. भगत तांब्या घेऊन लगबगीनं पुढं निघाला, सांगितल्याप्रमाणे.

"थांब," राघोबाबा म्हणाले.

ते दगडावरून उठले. काठीनं पुढची जमीन चाचपत रिंगणात आले. कोणीतरी हात धरायला पुढं झालं, पाटलांनी त्याला मागं ओढलं. चार पावलांवर म्हातारा थांबला. त्यानं टाच आपटली आणि कान दिला.

"कुठं हायस रे?"

मेलेला राक्षस बोलत नाही. गोमा बोलला नाही. म्हातारा वाकला आणि हातांनी शोधू लागला. आधी त्याच्या हाताला शिंग लागलं. मग खांदा. मग दंडावरून खाली जात जात त्याला हात सापडला.

"ऊठ."

मला वाटलं आता हा म्हणेल, हात नको. त्यानं तो हात धरला. उठायला बराच वेळ लागला, कारण दोघांच्याही पाठी दुखऱ्या होत्या. उभा राहिल्यावर राघोबाबांनी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि त्याच्या पाठीवरची माती झटकू लागले. वरून खाली, मग पुन्हा वरून खाली, बैलाला चोळावं तशी. गोमा मुखवटा खाली घालून उभा होता. गोल फिरला नाही.

त्यानंतर कल्याणची मोटर आली की पानवाला सवयीनं दाराकडे बघून घ्यायचा. पण गोमा आमच्या वाटेनं परत आला नाही. पुढं एकदा उस्मान नातेवाइकांकडे शहापूरला गेला होता, तो परत येऊन म्हणाला की आसनगावच्या फलाटावर गोमाभाई भेटला, म्हाताऱ्याला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चालला होता.

"पडला का?" मी विचारलं.

"गिरेगा कैसे?" उस्मान म्हणाला. "बाप का हाथ पकडा था."